परिपत्रक कोणाचे?

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील ही गोष्ट आहे. महाराष्ट्राबाहेरच्या एका राज्यात, दुसऱ्या राज्याच्या सीमेला लागून असलेल्या जिल्ह्यात मी काम करीत होतो. जिल्ह्याच्या एका टोकाच्या तालुक्यात पंधरा-वीस गावे अशी होती की तिथे घरोघरी शेजारच्या राज्याची भाषा बोलली जाई. ती भाषा मराठी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. या गावांसाठी आमच्या कार्यालयात एक जुना प्रघात होता. भूसंपादनाची, मतदारयादीची किंवा रेशनकार्डाची सूचना निघाली की राज्यभाषेतील मजकुराखाली त्या गावांच्या भाषेत पाच-सहा ओळींचा सारांश टाईप करून गावात लावला जाई. हे कोणी, कधी सुरू केले याची नोंद फाईलवर नव्हती.

त्या सुमारास जिल्ह्यात एका प्रादेशिक पक्षाने जोर धरला होता. विधानसभेत त्याचा एकही आमदार नव्हता. पण मोर्चे निघत, पाट्यांना काळे फासले जाई आणि वर्तमानपत्रांत फोटो येत. एक दिवस त्यांचे निवेदन आले: आपल्या राज्यात परक्या भाषेतले सरकारी कागद बंद करा. कार्यालयाने टिपणी सादर केली की सदर सारांश देणे कोणत्याही नियमाने बंधनकारक नाही, सबब तो बंद करण्यास हरकत नसावी. मी सही केली. दोन ओळींचे पत्र तालुक्याला गेले. निवेदन देणाऱ्यांना त्याची प्रत मिळाली आणि ठरलेला मोर्चा रद्द झाला. त्या संध्याकाळी मला, खोटे कशाला सांगू, हायसे वाटले होते.

सही करताना माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. एक, नियमात नाही ते बंद केल्याने काय बिघडते? दुसरी, मी स्वतः बाहेरचा. त्या गावांची बाजू घेतली तर "हा मराठी माणूस आमच्या राज्यात येऊन आम्हालाच शिकवतो" असे म्हणायला ते मोकळे होते.

काही महिन्यांनी एका तलावासाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली. १८९४च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे, जो तेव्हा लागू होता, हरकत घेण्याची मुदत ३० दिवसांची होती. एकेचाळिसाव्या दिवशी एक वृद्ध शेतकरी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कार्यालयातला एक शिपाई दुभाषा झाला. शेतकरी म्हणाला, "कागद लागला होता, तो मी पाहिला. पण खाली आमचं काही लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं, हा आमच्यासाठी नसेल."

त्याची हरकत ऐकली असती तरी जमीन कदाचित गेलीच असती. पण ती ऐकली गेली नाही, आणि त्याचे कारण माझी सही होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने ब्रसेल्समध्ये काही आठवडे राहण्याचा योग आला. बेल्जियमच्या भाषिक कारभाराचा इतिहास मी तिथे वाचू लागलो आणि वाचताना ही फाईल मला वारंवार आठवत राहिली. आपल्याकडच्या भाषिक राजकारणावर बोलू लागलो की लगेच बाजू ठरतात. म्हणून आधी त्या दूरच्या देशाबद्दल लिहितो. तिथे आपले कोणी नाही, त्यामुळे शांतपणे पाहता येते.

बेल्जियम हा सुमारे १ कोटी १८ लाख वस्तीचा, म्हणजे आपल्या मुंबई शहराएवढ्या लोकसंख्येचा देश. उत्तरेला फ्लँडर्स, तिथे डच बोलतात. दक्षिणेला वालोनिया, तिथे फ्रेंच. पूर्व कडेला नऊ नगरपालिकांत जर्मन. राजधानी ब्रसेल्स भौगोलिकदृष्ट्या फ्लँडर्सच्या पोटात आहे, पण तिथे दोन भाषांत कारभार चालतो आणि बहुसंख्य लोक फ्रेंच वापरतात. १८३० साली देश स्वतंत्र झाला तेव्हा राज्यकारभार, न्यायालये, सैन्य आणि उच्च शिक्षण यांवर फ्रेंचचा ताबा होता. डच बोलणारे संख्येने अधिक असूनही कायद्याच्या डच मसुद्याला फ्रेंच मसुद्याइतकाच दर्जा मिळायला १८९८ साल उजाडले. घेंट विद्यापीठ पूर्णपणे डच माध्यमाचे झाले ते १९३० साली. म्हणजे फ्लेमिश लोकांची तक्रार खरी होती, जुनी होती आणि न्याय्य होती. हे आधी मान्य केले पाहिजे. अशा पक्षांविषयी लिहिणारे पुष्कळ विद्वान ही पायरी गाळतात आणि मग लोक त्यांचे ऐकेनासे होतात.

१९३२च्या कायद्याने एक समजूतदार व्यवस्था केली होती. दर दहा वर्षांच्या जनगणनेत एखाद्या गावातील भाषिक अल्पसंख्यांचे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले तर त्यांना त्यांच्या भाषेत सेवा द्यायची. कागदावर हे उत्तम होते. पण ब्रसेल्सच्या आसपासच्या गावांत फ्रेंच बोलणारे वाढत गेले आणि प्रत्येक जनगणनेगणिक डच प्रदेश आक्रसू लागला. १९४७च्या जनगणनेचे भाषिक आकडे इतके स्फोटक ठरले की ते १९५४ पर्यंत दाबून ठेवले गेले. अखेर १९६१ मध्ये जनगणनेतून भाषेचा प्रश्नच काढून टाकण्यात आला आणि १९६२-६३च्या कायद्यांनी भाषेची सीमारेषा कायमची आखली. सीमेवरच्या काही नगरपालिकांतील अल्पसंख्यांना 'सुविधा' मिळाल्या, म्हणजे कारभार बहुसंख्यांच्या भाषेत, पण नागरिकाला त्याच्या भाषेत कागद मागण्याचा हक्क. ब्रसेल्सच्या भोवती, पण फ्लँडर्सच्या हद्दीत अशा सहा नगरपालिका आहेत. त्यांतल्या लिंकेबेक नावाच्या गावात मी एका रविवारी पायी हिंडलो. टुमदार घरे, उताराचे रस्ते आणि पाट्या दोन भाषांत. या गावावरून देशात मंत्रिमंडळे अडचणीत येतात, हे तिथे फिरताना पटत नाही.

सीमारेषा आखल्यावर भांडण मिटेल ही अपेक्षा फोल ठरली. १९६८ साली लूव्हेनच्या जुन्या कॅथलिक विद्यापीठातून फ्रेंच विभागाने निघून जावे यासाठी 'वालोन बाहेर' अशा घोषणा झाल्या आणि सरकार पडले. विद्यापीठाची वाटणी झाली. फ्रेंच भाषकांसाठी सीमेपलीकडे एक नवे गावच वसवावे लागले.

या वातावरणात व्लाम्स ब्लोक हा पक्ष जन्मला. १९७७ साली मोठ्या पक्षांनी भाषिक प्रश्नावर तडजोडीचा एक करार केला. फ्लेमिश राष्ट्रवाद्यांतील एका गटाला तो विश्वासघात वाटला आणि कारेल डिलेन यांच्या नेतृत्वाखाली १९७८-७९ मध्ये हा वेगळा पक्ष उभा राहिला. स्वतंत्र फ्लँडर्स ही त्याची मूळ मागणी. पण पहिली दहा वर्षे त्याला फारशी मते नव्हती. मते मिळू लागली ती त्याने आपले बोट फ्रेंच भाषकांकडून स्थलांतरितांकडे, मुख्यतः मोरोक्को आणि तुर्कस्तानातून कामासाठी आलेल्यांकडे वळवल्यावर. 'आपली माणसे आधी' ही त्याची घोषणा. २४ नोव्हेंबर १९९१च्या निवडणुकीत त्याच्या लोकसभेतील जागा २ वरून १२ वर गेल्या. बेल्जियममध्ये आजही त्या दिवसाला 'काळा रविवार' म्हणतात.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. फ्रेंच भाषिक सरदार-सावकार हा ज्याचा मूळ प्रतिपक्ष, त्या चळवळीचा रोख अँटवर्पच्या गोदीत आणि कारखान्यात राबणाऱ्या मजुरावर कसा आला? १९६०च्या दशकात वालोनियाच्या कोळसा-पोलाद उद्योगाला उतरती कळा लागली आणि फ्लँडर्स श्रीमंत झाले. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो प्रतिपक्षच दुबळा झाला. तक्रार मात्र शिल्लक राहिली, आणि राजकारणात तक्रारीला नवा मालक आणि नवा आरोपी सहज मिळतो.

इतर पक्षांनी काय केले? त्यांनी १९८९ साली आपसांत करार केला की या पक्षाशी कोणत्याही पातळीवर युती करायची नाही. साथीच्या रोगात गावाभोवती नाकेबंदी करतात, त्यावरून त्याला तसेच नाव पडले. हा करार लवकरच सैल झाला, पण १९९१च्या धक्क्यानंतर पुन्हा कडक करण्यात आला. पुढे २००४ साली न्यायालयाने पक्षाशी संलग्न तीन संस्थांना वंशविद्वेषविरोधी कायद्याखाली दोषी ठरवले. ९ नोव्हेंबरला सर्वोच्च पातळीवर निकाल कायम झाला आणि १४ नोव्हेंबरला पक्षाने स्वतःचे विसर्जन करून व्लाम्स बेलांग हे नवे नाव घेतले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात फ्लेमिश विधिमंडळाच्या निवडणुकीत त्याला २४ टक्के मते मिळाली होती. एवढी मते आणि तरीही मंत्रिमंडळात शून्य स्थान.

म्हणजे नाकेबंदी यशस्वी झाली का? मंत्र्यांच्या खुर्च्या मोजल्या तर झाली. पण मी प्रशासनातला माणूस. मी खुर्च्यांपेक्षा परिपत्रके वाचतो. आणि परिपत्रके वाचली की चित्र बदलते.

१६ डिसेंबर १९९७ रोजी फ्लेमिश सरकारने एक परिपत्रक काढले. त्यावर सही करणाऱ्या मंत्र्यांच्या नावावरून ते 'पेटर्स परिपत्रक' म्हणून ओळखले जाते. त्यात म्हटले होते की सुविधा असलेल्या नगरपालिकांनी प्रत्येक नागरिकाला आधी डच भाषेतलाच कागद पाठवावा. ज्याला फ्रेंच हवा असेल त्याने तशी मागणी करावी, आणि ती प्रत्येक कागदासाठी, प्रत्येक वेळी नव्याने करावी. याआधी एकदा सांगितले की नगरपालिका तशी नोंद ठेवत असे. कायदा तोच राहिला, हक्कही तोच राहिला. बदलली ती हक्क वापरण्याची पद्धत. कराच्या बिलासाठी एक अर्ज, मतदानाच्या सूचनेसाठी दुसरा अर्ज. हक्क काढून न घेता माणसाला थकवण्याची ही रीत आपल्यापैकी ज्यांनी सरकारी कार्यालयात उमेदवारी केली आहे त्यांना चांगलीच परिचित असेल.

लेओ पेटर्स हे मंत्री कोणत्या पक्षाचे होते? समाजवादी. पुढे लिंकेबेक, क्राइनेम आणि वेझेमबेक-ऑपेम या तीन गावांच्या २००६ साली निवडून आलेल्या महापौरांची नेमणूक सरकारने नाकारली. कारण, त्यांनी मतदारांना मागणीची वाट न पाहता फ्रेंचमध्ये सूचना पाठवल्या होत्या. युरोप परिषदेच्या स्थानिक संस्थांच्या मंचाने २००८ साली यावर नापसंती नोंदवली. नेमणूक नाकारणारे मंत्री मरीनो क्यूलेन हे उदारमतवादी पक्षाचे. २००९ साली फ्लँडर्सने घरांविषयी एक कायदा केला. काही निवडक नगरपालिकांत जमीन-घर घ्यायचे तर खरेदीदाराने त्या गावाशी आपला 'पुरेसा संबंध' एका समितीपुढे सिद्ध करायचा. सहा वर्षांचे वास्तव्य, तिथली नोकरी किंवा कौटुंबिक, सामाजिक धागा दाखवायचा. तेव्हाही व्लाम्स बेलांग विरोधी बाकांवर होता. ख्रिस्ती लोकशाहीवादी, उदारमतवादी आणि समाजवादी या सभ्य पक्षांचे सरकार होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या पक्षाला सर्वांनी दाराबाहेर ठेवले, त्याच्या मनातले कागद आत बसलेल्यांनी लिहिले. याचा अर्थ फ्लेमिश मंत्री त्या पक्षाचे छुपे हस्तक होते असा नाही. डच भाषेचे संरक्षण ही त्या प्रदेशातील सर्व पक्षांची प्रामाणिक भूमिका होती. पण बाहेर २४ टक्के मतांचा पक्ष उभा असताना सौम्य परिपत्रकावर सही करायला कोणता मंत्री धजेल, आणि तसा मसुदा वर पाठवायला कोणता अधिकारी? माझ्या जिल्ह्यात तर त्या पक्षाचा एकही आमदार नव्हता. तरीही मी धजलो नाही.

हे परिपत्रक आणि तो कायदा न्यायालयांपुढे गेले. घरांचा कायदा युरोपीय न्यायालयाच्या मे २०१३च्या निकालानंतर बेल्जियमच्या घटनात्मक न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. परिपत्रकाबाबत २०१४ साली सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मधला मार्ग काढला: नागरिकाने एकदा लेखी कळवावे, ते चार वर्षे धरले जाईल, मग पुन्हा कळवावे. एवढी साधी व्यवस्था सापडायला सतरा वर्षे गेली. एखाद्या अनुभवी हेडक्लार्कला विचारले असते तर त्याने ती एका दुपारी सुचवली असती.

आता नेहमी केला जाणारा युक्तिवाद पाहू. अशा पक्षाची थोडी मागणी मान्य केली तर त्याची हवा निघून जाते, असे राजकारणी आणि पुष्कळ अधिकारीही मानतात. मोर्चा रद्द झाल्यावर मलाही तसेच वाटले होते. बेल्जियमचा अनुभव काय सांगतो? परिपत्रक १९९७ चे, आणि पक्षाची मते २००४ मध्ये शिखरावर. पुढे २०१४ साली ती ६ टक्क्यांच्या खाली आली, हे खरे. पण ती आली याचे एक मोठे कारण म्हणजे सौम्य भाषेत राष्ट्रवाद मांडणाऱ्या एन-व्हीए या दुसऱ्या पक्षाकडे मतदार गेले. याच पक्षाने २००५ साली खोट्या नोटांनी भरलेले ट्रक वालोनियात नेऊन फ्लँडर्सचा पैसा कुठे जातो याचे नाट्य केले होते. मतदार तिथे थांबले नाहीत. २०१९ मध्ये व्लाम्स बेलांग साडेअठरा टक्क्यांवर परतला. जून २०२४ मध्ये त्याला फ्लेमिश विधिमंडळात एन-व्हीएइतक्याच, १२४ पैकी ३१ जागा मिळाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये निनोव्ह या गावात त्याच्या स्थानिक यादीला नगरपालिकेत स्पष्ट बहुमत मिळाले. आणि ट्रकवाल्या पक्षाचे नेते बार्ट द वेव्हर फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्या देशाच्या विभाजनाची भाषा ते करीत, त्याच देशाचे पंतप्रधान झाले. मागण्या मान्य केल्याने भूक भागली, असे या आलेखात कुठे दिसत नाही.

एक वेगळे उदाहरणही आहे. अँटवर्प हा या पक्षाचा बालेकिल्ला. २००० साली तिथे त्याला एक तृतीयांश मते मिळाली आणि पुढच्या खेपेस शहर त्यांच्या हाती जाणार असे सगळे म्हणत होते. महापौर पात्रिक यान्सेन्स यांच्या काळात नगरपालिकेने 'शहर सर्वांचे' हे घोषवाक्य घेऊन कारभार चालवला. २००६ मध्ये यान्सेन्स यांच्या यादीला ३५ टक्के मते मिळाली आणि व्लाम्स बेलांग ३३ टक्क्यांच्या आसपासच थांबला. मते कमी झाली नाहीत, पण वाढ थांबली. यातून फार मोठा सिद्धांत काढू नये. पण एका तृतीयांशांच्या रागापुढे उरलेल्या दोन तृतीयांशांचा कारभार वाकवण्याची गरज नसते, एवढे त्यावरून नक्की म्हणता येईल.

आता आपल्याकडे येतो. आपली घटना आणि आपले पूर्वसूरी याबाबतीत बेल्जियमपेक्षा शहाणे होते, असे माझे मत आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने भाषावार राज्ये सुचवतानाच, कोणतेही राज्य शंभर टक्के एकभाषिक होणार नाही हे ओळखले होते. म्हणून १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ आणि ३५०-ब आले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय आणि भाषिक अल्पसंख्यांसाठी विशेष अधिकारी अशी ती तरतूद आहे. मूळ अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणालाही संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रार-अर्ज देता येतो. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की जिथे अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण १५ ते २० टक्के आहे तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. माझ्या फाईलवर "कोणत्याही नियमाने बंधनकारक नाही" असे लिहिले होते, आणि मी ते तपासले नव्हते. त्या तालुक्याचे प्रमाण या मर्यादेत बसत होते. हे मला पुढे कळले, तोपर्यंत त्या शेतकऱ्याच्या शेतात तलावाचे पाणी आले होते.

बाहेरच्या पक्षाचा कागद आतल्या सरकारने लिहिण्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. हरियाणात खासगी क्षेत्रातील दरमहा ३० हजार रुपयांपर्यंतच्या नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांना, असा कायदा झाला. ते आघाडीतल्या लहान प्रादेशिक पक्षाचे निवडणुकीतले वचन होते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात २००८ साली परप्रांतीयांविरुद्ध आंदोलन पेटले, रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उमेदवारांना मारहाण झाली. ज्या पक्षाने ते केले त्याने तोवर विधानसभेची निवडणूक लढवलेली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, राज्यात दुसऱ्याच पक्षांचे सरकार असताना, उद्योगांत ८० टक्के स्थानिक घेण्याचे जुने धोरण नव्याने बजावले गेले. धोरण मुळात वास्तव्यावर आधारलेले होते, भाषेवर नव्हे, आणि त्याच्या बाजूनेही बोलता येईल. प्रश्न त्याच्या मुहूर्ताचा आहे. त्या मुहूर्ताने रस्त्यावरच्यांना काय शिकवले?

आणि १९६६ साली शिवसेना स्थापन होण्याच्या आधी 'मार्मिक' साप्ताहिकात मुंबईतील कार्यालयांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मराठी तरुणाला नोकरी मिळत नव्हती, ही तक्रार तेव्हा खरी होती. फ्लेमिश तरुणाची होती तशीच. मी नोकरीत आलो त्यानंतर कधीतरी माझ्या मनात आले की अशी यादी मी काम करतो त्या राज्यात कोणी छापली तर तिच्यात पहिल्या दहांत माझे नाव असेल.

हे लिहितो आहे ते विशेषकरून महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी. आपल्यापैकी कोणी बडोद्यात आहे, कोणी इंदूरला, कोणी बंगळूर, हैदराबाद किंवा दिल्लीला. आपण जिथे राहतो तिथे आपण अल्पसंख्य आहोत. मुलांना मराठी शाळा मिळावी, बेळगावात मराठी माणसाला मराठीत कागद मिळावा, असे आपल्याला मनापासून वाटते आणि ते योग्यच आहे. मात्र तोच माणूस मुंबईतल्या बातम्या वाचताना "बरे झाले, अद्दल घडली" असेही म्हणतो. दोन्ही वाक्ये एकाच तोंडातून निघाल्याचे मी अनेक मराठी मंडळांत, गणेशोत्सवात ऐकले आहे. कधीकाळी मीही म्हटले असेन. ही दोन्ही वाक्ये एकत्र नांदू शकत नाहीत. मुंबईत जे आपण मान्य करू, त्याचा दाखला बेळगावात आपल्यालाच दिला जाईल.

मग भाषेचा आग्रह सोडायचा का? मुळीच नाही. माझ्या दृष्टीने इथे एक साधा भेद करता येतो. सरकारने लोकांच्या भाषेत बोलावे, ही मागणी आपण जितकी करू तितकी थोडी. न्यायालयाचा निकाल मराठीत मिळावा, बँकेचा फॉर्म मराठीत असावा, महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्याला मराठी आलीच पाहिजे. मीही माझ्या राज्याची भाषा शिकलो, परीक्षा दिली, आणि ती शिकल्याचा मला अभिमान आहे. यात भाषेची कसोटी राज्ययंत्रणेला लागते. जिथे ही कसोटी सामान्य माणसाला लागते, घर घेताना, टॅक्सी चालवताना, परीक्षेला बसताना, नोटीस वाचताना, तिथे भाषेचे संरक्षण थांबलेले असते आणि माणसांची निवड सुरू झालेली असते. पेटर्स परिपत्रकाने हीच रेषा ओलांडली. नगरपालिकेचे काम तिने नागरिकाच्या डोक्यावर टाकले.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सुचवेन की असा प्रस्ताव टेबलावर आला की तीन गोष्टी फाईलवर लिहून घ्याव्यात. हे बंद केल्याने नेमके कोणाचे काय अडेल? "नियम नाही" असे लिहिणाऱ्याने कोणते नियम तपासले? आणि निवेदन आले नसते तर हा प्रस्ताव आपण स्वतःहून मांडला असता का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर ते परिपत्रक आपले नाही. आपण केवळ त्याखाली सही करणार आहोत, एवढे ध्यानात ठेवावे. नकार दिला तर मोर्चा येईल, कदाचित बदलीही होईल. मोर्चा एका दिवसात संपतो. परिपत्रक मात्र पुढचा अधिकारीही पाळतो, त्याच्या पुढचाही, आणि ते का निघाले हे कोणाला आठवत नाही.

त्या जिल्ह्यातून बदली होण्याच्या आधी मी ते दोन ओळींचे पत्र रद्द केले. तेव्हा कोणी मोर्चा काढला नाही, कारण कोणाच्या लक्षातच आले नाही. मला ज्याची भीती वाटली होती ती एवढीशीच होती. सारांश पुन्हा लागू लागला. त्या शेतकऱ्याला ही बातमी सांगायला मी गेलो नाही. सांगून त्याला काय उपयोग होता?